मिठात भाजलेलं घर

टेम्पोत सगळ्यात शेवटी चढली ती आय. सामान केव्हाच भरून झालं होतं. फ्रिज, कपाट, गणपतीचा पाट, पाण्याची रिकामी टाकी आणि टाकीच्या आत दोन कोंबड्या, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरशेजारी बसून उगाच हॉर्न वाजवत होते. आणि आय ओटा झाडत होती. ज्या घरावर दुपारी जेसीबी चालणार, ते घर ही बाई झाडत होती! मी ओरडले, "चल ना गो आय!" तर म्हणाली, "लोकं काय म्हनतील? केर टाकून गेली." आता कोण म्हणणार होतं? आळीत तेव्हा आम्ही आणि कुत्री एवढेच उरलो होतो.

आळीतल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहितेय. तुमच्यातले कुणी उलव्याला बदली मिळालेल्या प्लॉटवरच्या तीन मजली घरात आहेत, कुणी माझ्यासारखे पनवेलच्या फ्लॅटमध्ये, एकदोघं पार दुबईला. इतर लोक गाव सोडतात तेव्हा मागे कुणीतरी उरतं, त्यांना ख्यालीखुशाली कळवता येते. आपल्या मागे कुणी नाही. गावाच्या जागी विमानं उतरतात. तेव्हा गेलेल्यांनीच गेलेल्यांना कळवायचं, दुसरं काय.

आमचं घर तुम्हाला आठवत असेलच. बाहेरून कुणी हे वाचलं तर त्याच्यासाठी सांगते. आजोबांनी मिठागरावर राबून एक लांबलचक घर बांधलं आणि दोन मुलांत मधोमध भिंत घालून वाटून दिलं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला जनाकाकी, आयची धाकटी जाऊ. ओटा मात्र एकच. दोघी तिथे बसून वाल सोलायच्या, भांडायच्या आणि भांडता भांडता एकाच टोपातला चहा प्यायच्या. घरात लग्न निघालं की ओट्याची भिंत रंगायची. वर गणपती, बाजूला मोर आणि मध्ये नवरानवरीची नावं. पुढचं लग्न निघेपर्यंत ती पुसायची नाहीत. शेवटी आमच्या बाजूला माझ्या ताईचं आणि भावजींचं नाव होतं, काकीच्या बाजूला तिच्या मंदाचं आणि जावयाचं.

मग विमानतळ आला आणि काकीनं आमच्या आधी घर सोडलं. तिच्या प्रकाशचं लग्न ठरत होतं आणि नवीन घर दिसल्याशिवाय पाहुणे मुलगी द्यायला तयार नव्हते. घर पाडून जागा रिकामी करून द्यायची होती, तशी त्यांनी दिली. झालं असं, की मधली भिंत आता आमची बाहेरची भिंत झाली. तिला ना प्लास्टर, ना वर छप्पर. तो सगळा पावसाळा आयच्या चुलीमागून पाणी पाझरत होतं. एका सकाळी भिंतीचा कोपरा ढासळला तो नेमका वर्षभराच्या मसाल्याच्या डब्यावर. आय चिखलात बसून मसाला वेचत होती आणि तोंडानं एकच वाक्य, "माजी भिंत उगडी टाकून गेली."

त्यानंतर आय काकीशी बोलली नाही. प्रकाशच्या हळदीलासुद्धा गेली नाही. आमच्यात माणूस एक वेळ लग्न चुकवेल, भावकीतली हळद चुकवत नाही, तेव्हा हा अबोला किती मोठा होता ते समजून घ्या.

पनवेलला आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, खोटं कशाला बोलू, सुख आहे. पण ओटा नाही. दादांनी खाली पत्त्यांचा अड्डा शोधला, मला लॅबमधली नोकरी आहे. आय दार उघडं टाकून पॅसेजमध्ये स्टूल घेऊन बसते आणि समोरच्या बंद दाराकडे बघत वाल सोलते. सोसायटीनं दोनदा सांगून पाहिलं, पॅसेजमध्ये बसू नका. आय म्हणते, "मंग काय गॅलरीत बसून कबुतरांशी बोलू?" मला खरं सांगायचं तर तिच्याकडे बघवत नव्हतं. तिला काकी हवी होती आणि ते ती मेली तरी म्हणणार नव्हती.

चहाच्या मगांवर चित्रं काढायचं खूळ लॅबमधून आलं. डिसेंबरात तिथे एकमेकांना गिफ्ट द्यायची पद्धत आहे. एकीनं मला साधा पांढरा मग दिला, त्यावर मार्करनं तिनंच माझं चित्र काढलेलं. म्हटलं, हे तर आपल्यालाही जमेल. आपल्या देवीच्या पालखीला वर्षातून एकदा सगळे भेटतो, तेव्हा घरच्यांना द्यायला बरं. पनवेलच्या बाजारातून पांढरे मग आणले, मार्कर ऑनलाइन मागवले आणि बसले काढायला. मगाच्या कानापासून सुरू करून दुसऱ्या बाजूनं परत कानापर्यंत, असं आपलं अख्खं घर. आधी आमची बाजू, मग काकीची. मोराची कोंबडी झाली ते सोडा. काकीच्या खिडकीचा रंग आठवेना, म्हणून ठोकून दिला निळा.

रंग पक्का व्हायला मग ओव्हनमध्ये भाजावा लागतो. आमच्याकडे कुठला ओव्हन! आय म्हणाली, "मीठ हाय ना, संगे." मोठ्या कढईत खडं मीठ तापवलं, नानकटाई भाजतो तसं, आणि त्यात मग आडवे निजवून वर झाकण ठेवलं. मिठागरवाल्यांना मिठाबद्दल कोण शिकवणार, अशा थाटात आम्ही दोघी उभ्या होतो. मग गार झाले. एक मी पालखीला मंदाच्या हाती गुपचूप काकीला पाठवला. एक आयला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आयनं तो तारेच्या घासणीनं खसाखसा घासून ठेवलेला. आमची बाजू शाबूत आणि काकीची बाजू साफ! ना खिडकी, ना मंदाचं नाव. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मुद्दाम केलंस तू!" तीही भडकली. "नवं भांडं घासल्याबिगर कोन तोंडाला लावतं?" तेही खरंच, आपल्यापैकी कुणीच लावणार नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आडव्या मगाची जी बाजू मिठात रुतली ती भाजली, वरची कच्चीच राहिली. एवढं मिठातलं खानदान, आणि साधं उलटून भाजायचं कुणाला सुचलं नाही.

पुढचे काही दिवस आय त्याच मगातून चहा पीत होती. मग एके दिवशी अर्धा चहा तसाच ठेवून उठली. म्हणाली, "ह्या मगात मना च्या जात नाय."

"का? काय झालं?"

"भिंत उगडी हाय."

मी मग हातात घेऊन पाहिला. खरंच, त्या पावसाळ्यात दिसत होतं अगदी तसंच घर. आमचा अर्धा ओटा आणि पलीकडे काही नाही. मला रडूच आलं. आयनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मार्करचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "काड परत तिचं घर."

मी काढायला लागले तशी शेजारी बसून चुका दाखवायला लागली. पायरी इथं नव्हती, जाळं टांगायचा खिळा राहिला. खिडकीशी आलो आणि गाडी अडली. निळी नव्हती एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मग कुठली? हिरवी म्हणाली, मग पोपटी म्हणाली. उभा जन्म त्या खिडकीखाली वाल सोलले आणि रंग आठवेना. तिचा चेहरा एवढासा झाला. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोर ठेवला.

काकीचा "हॅलो" पुरता व्हायच्या आत आय म्हणाली, "जने, तुजी खिरकी निली का हिरवी गो?"

पलीकडे नुसता टीव्हीचा आवाज. मग तोही बंद झाला.

"हिरवी," काकी म्हणाली. "संगीनं निली काडलीय. शोकेसमंदी ठेवलाय मग, मी रोज बगते."

"मंग सांगाला काय झालं?"

"कोनाला सांगू? तू बोलतंस का माज्याशी?"

आयनं मार्करचं टोपण घट्ट बसवलं. काकीच पुढे म्हणाली, "भिंतीला तारपत्री मारून जायला पायजे व्हती, वयनी. लग्नाच्या गरबरीत ध्यानातच नाय आला."

"वरसाचा मसाला गेला माजा," आय म्हणाली.

"म्हाईत हाय. रयवारी येते. मसाला घेऊन येते."

"ये. पन ओटा नाय हा माज्याकं."

"मंग बसतंस कुठं?"

रविवारी दोघी पॅसेजमध्ये बसल्या, लिफ्टसमोर, दोन स्टुलांवर. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बोलायला लागले, तर काकीनं त्यांनाच वाल सोलायला दिले. बिचाऱ्यांनी चार सोलले आणि गेले. मला लॅबमध्ये कुणी विचारलं, गाव कुठलं, तर पूर्वी मी गडबडायचे. आता पनवेल म्हणते, पुढे काही जोडावंसं वाटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मीठ परत तापवलं. कढईवर दोघी वाकल्या होत्या. आयनं चिमट्यानं मग धरला, हिरवी खिडकी मिठाकडे केली आणि काकीला म्हणाली, "पैली तुजी बाजू भाजू."