क्लॅरी हॅडोच्या पुंगळ्या

क्लॅरी हॅडोला मोजमापाची यंत्रं चालायची नाहीत. मुलीनं, नोरीननं, वाढदिवसाला दिलेला मायक्रोमीटर दोन वर्षं खोक्यातच पडून होता. "ज्याच्या बोटांना कळत नाही त्यानं मोजावं," असं तो म्हणायचा, आणि कासलरे नदीकाठच्या मेंढीवाल्यांना ते पटायचंही. उभा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून काढलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार?

लष्करी मापाची बंदूक घरी ठेवायला सरकारची बंदी होती. मग लोकांनी मापच बदललं. लढाईतून उरलेल्या थ्री-नॉट-थ्री काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या क्लॅरी पोत्यानं आणायचा आणि शेडमधल्या प्रेसवर एकेकीची मान आवळायचा, पंचवीसची बारीक गोळी बसेल इतकी. आता मान आवळली की तिथलं पितळ जाणार कुठे? ते तिथेच दाटतं आणि मान जाड होते. ती आतून खरवडून पातळ करावी लागते. तेवढं करायचं राहिलं, तर बार उडताना मानेला फुलायला जागा उरत नाही, गोळी वेळेवर सुटत नाही आणि सगळा जोर मागे येतो. मागे माणसाचं तोंड असतं.

म्हणून या भागात एक रीत पडली होती. बंदुकीची दारू आणि गोळी ज्यानं त्यानं घरी भरायची; बार काढले की रिकाम्या पुंगळ्या तंबाखूच्या डबीत घालून क्लॅरीकडे परत आणायच्या. तो एकेकीच्या तोंडात एक सुटी गोळी सोडायचा. ती सुळकन आत गेली, की पुंगळी ठणठणीत.

ऑगस्टातल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या सकाळी लान्स पर्टेल डबी घेऊन आला. नव्या पोत्यातल्या पुंगळ्यांचा हा पहिलाच फेरा.

"काय म्हाताऱ्या, आहेस का गेलास?"

"तुला पोचवल्याशिवाय जात नाही मी. आण इकडे."

क्लॅरीनं गोळी सोडली. ती तोंडाशीच अडली. त्यानं दुसरी पुंगळी घेतली, मग तिसरी. प्रत्येकीची तीच गत, आणि बुडाच्या टोप्या जास्तीच्या जोरानं चेपून सपाट झालेल्या. त्यानं मान चिमटीत धरून पाहिली. बोटांना काहीच वावगं लागेना.

"लान्स, बंदुकीचा बोल्ट उघडायला जड गेला?"

"जड? बुटानं लाथ घातली तेव्हा हलला. म्हटलं, थंडीनं धरला असेल."

"तुझं चेंबर सैल आहे म्हणून वाचलास, गाढवा!" क्लॅरी ओरडला, पण राग लान्सवर नव्हता. नोरीनच्या बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची नळीतली जागा, त्यानं स्वतः कापलं होतं, नेम पक्का लागावा म्हणून अगदी घट्ट, केसाचीही फट न ठेवता. आणि याच पोत्यातल्या वीस पुंगळ्या तिनं शनिवारी नेल्या होत्या.

त्यानं तिच्या घरी फोन लावला. जावई कीथ म्हणाला, "पहाटेच गेली कोकरांच्या कुरणात. कोल्ह्यांनी काल तीन नेली."

लान्सच्या गाडीतून अकरा मैल जाताना क्लॅरीनं काच खाली केली. बाराचा आवाज येतो का म्हणून तो कान लावून बसला होता. वाऱ्यानं डोळ्यांना धार लागली. फाटकाशी पोचतात तोच एक बार ऐकू आला. क्लॅरीनं गाडी थांबायच्या आत दार उघडलं आणि उतारावरून धडपडत पळाला.

नोरीन कुंपणाशी धडधाकट उभी होती. "डॅड? काय झालं? पडशील ना!"

"ती बंदूक ठेव खाली! आधी ठेव! मान जाड राहिलीय त्यांची!"

तिनं बंदूक कुंपणाला टेकवली. मग हळूच म्हणाली, "ठाऊक आहे. मी त्या मोजून पुन्हा खरवडल्या. दोन वर्षं खरवडतेय. मी मायक्रोमीटर दोन आणले होते, डॅड."

"दोन वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू शेडला कुलूप लावलं असतंस. आई गेल्यावर तुला दुसरं आहे काय? आणि बाकीच्यांची चेंबरं सैलच आहेत की. घट्ट फक्त माझं."

क्लॅरीला खूप लाज वाटली, पण लाजायलाही सवड नव्हती. "वेसचंही," तो कसाबसा म्हणाला. "मार्चमध्ये कापून दिलं. नोरीनसारखंच हवं म्हणून मागे लागला होता. आणि पुंगळ्याही याच पोत्यातल्या नेल्यात त्यानं."

वेस किनसेलाचं रान नदीपलीकडेच होतं. तिघंही गाडीत बसले. पुलावर असतानाच तिकडून एक बार झाला, नेहमीपेक्षा फुटका आणि आखूड. लान्सनं गाडी आणखी दामटली.

वेस दवानं पांढऱ्या झालेल्या गवतात कुंपणाच्या खांबाला टेकून बसला होता. बंदूक बाजूला पडली होती, तिचं लाकूड उभं चिरलेलं. उजव्या डोळ्यावर रुमाल दाबलेला, आणि रुमालातून रक्त मनगटावर उतरत होतं.

"कोण आहे?"

"मी. क्लॅरी."

"बरं झालं तूच आलास." वेसचे दात वाजत होते. "माझंच चुकलं रे. पुंगळी भरताना दारू जास्त पडली असणार माझ्या हातून. घरी मेरिलला तसंच सांग. नाहीतर ती उगाच तुझ्या पुंगळ्यांना नावं ठेवेल."

नोरीननं स्वतःचा स्कार्फ सोडून त्याच्या डोळ्यावर बांधला. लान्स गाडी जवळ आणायला धावला. तिनं एकदाच वडिलांकडे पाहिलं.

क्लॅरी गुडघे टेकून वेसच्या शेजारी बसला. वेसचा रक्तानं माखलेला हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वेस," तो म्हणाला, "दारू बरोबर होती."