लिलाधर लाइनमनची दोन बोटं

पवनीत अकलेचा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, अशी लिलाधरची पक्की खात्री होती. तेहेतीस वर्षं वीज खात्यात खांबावर चढून तो रिटायर झाला होता. उजव्या हाताची दोन बोटं त्या नोकरीत गेली. पानठेल्यावर तो हात वर धरून तो सांगायचा, "करंट मले भेटून गेला, पन घेऊन नाही जाऊ शकला!"

त्याच्या तिरस्काराची यादी लांब होती. सध्या पहिला नंबर शेजारच्या योगेंद्र मास्तरांचा. मास्तरांनी बॅटरीवर चालणारी मोटारगाडी घेतली होती आणि लाइट गेली की हिच्यावर अख्खं घर चालेल, असं ते सगळ्यांना ऐकवत फिरत. दुसरा नंबर प्रेरणाचा. खात्यात नव्यानं लागलेली ही पोरगी खांबावर चढायच्या आधी तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची, चुकून करंट आलाच तर जमिनीत उतरावा म्हणून. "लाइट जोडाले आली का बैल बांधाले?" असं लिलाधरनं तिला भर चौकात विचारलं होतं. तिनं नुसतं हसून घेतलं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी वावटळ आली आणि कडुनिंबाची फांदी पडून गल्लीच्या तोंडाशी तार तुटली. गल्लीतली चार घरं तेवढी बंद पडली. प्रेरणा डीपीच्या पेटीतून लाइन बंद करून तार जोडायला आली. इकडे मास्तरांना आयती संधी मिळाली. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर त्यांनी मोटारीतून आणून घरातल्या प्लगमध्ये खुपसली. पंखा फिरला. मास्तर अंगणात येऊन उभे राहिले, जणू वीज यांच्याच आजोबांनी शोधली होती.

लिलाधर ओट्यावरून नाक मुरडून बघत होता. तेवढ्यात समोरच्या चंद्रभागाबाईचा कूलर घरघरला.

"मास्तर, तुमची गाडी तं माह्या घरीबी लाइट देऊन राहिली जी!" बाई आनंदानं ओरडल्या. मास्तर आणखी फुगले.

लिलाधर ताडकन उठला. मास्तरांनी मेन स्विच पाडलाच नव्हता. मोटारीचा करंट घरातून उलटा खांबावर गेला होता, म्हणून तर बाईचा कूलर चालला. आणि त्याच तारेला पोरगी आता हात लावणार होती. एका राईस मिलच्या जनरेटरच्या अशाच उलट्या करंटनं त्याची बोटं नेली होती.

"वायर काढ बे, मूर्खा!" असं ओरडत तो अनवाणीच खांबाकडे धावला. वाटेतच फाट्‌कन आवाज झाला आणि मागे कूलर थांबला. पोरगी गेली, आणि आपण तिला बैलावरून चिडवलं होतं, एवढंच त्याच्या मनात आलं.

कोपऱ्यावर प्रेरणा जमिनीवरच उभी होती, धडधाकट. साखळी तारांवर लटकत होती.

"कोनाच्या घरून करंट येऊन राहिला?" ती कडाडली. "साखळी टाकली नसती तं गेली असती मी!"

मागून मास्तर आले. "माझी गाडी कोणी बंद पाडली?"

त्या माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. लिलाधर धापा टाकत प्रेरणाला म्हणाला, "तुले कसं समजलं, बाई?"

"समजलं नाही, काकाजी. साखळी दरवेळी टाकाचीच असते." ती जरा घुटमळली. "ट्रेनिंगमधी पहिल्याच दिवशी तुमची गोष्ट सांगतेत. पवनीचा एक लाइनमन साखळी न टाकता चढला, दोन बोटं गमावून बसला. नाव नाही सांगत जी. पन हात पाहून मी ओळखलं."

लिलाधरनं तारांवरच्या साखळीकडे पाहिलं.

"आता आलेच आहा, तं मास्तरच्या प्लगपाशी उभे राहा," ती म्हणाली. "मी उतरेपर्यंत कोनाले पिन लावू देऊ नका."

तो निघाला. वाटेत पानठेला होता, चार माणसं उभी होती. लिलाधरनं उजवा हात खिशात घातला.