दारूच्या देवाचा मान

उरण रस्त्यावरच्या एका बारमालकाला भिंतीएवढं चित्र हवं होतं. युरोपातल्या कुठल्याशा जुन्या चित्राचा फोटो त्याने मोबाईलवर दाखवला, मी नक्कल करायला घेतली. उघड्या अंगाचा गोरा तरुण, डोक्यावर द्राक्षाच्या पानांचा मुकुट, भोवती रापलेले, फाटके शेतकरी. त्यातला एक भरलेला वाडगा धरून सरळ आपल्याकडे बघून हसतो. स्टुडिओचे चोचले आपल्याला कुठले, कॅनव्हास हॉलमध्येच उभा केला.

त्याच हॉलमध्ये बाबा झोपायचे. दारूने त्यांचं लिव्हर गेलं होतं. रक्ताची उलटी झाली तेव्हा डॉक्टरने बजावलं होतं, आता एक घोटही जीव घेईल. तेव्हापासून बाबांनी दारूला हात लावला नव्हता. आई तरी रोज त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची.

"कोन हाय ह्यो?" बाबांनी विचारलं.

"त्यांच्याकडचा दारूचा देव," मी रंगवता रंगवता बोलून गेले. हात दाखवून अवलक्षण.

आमच्यात देवाला दारूचा मान असतो. चार थेंब शिंपडायचे आणि उरलेला पेला मान देणाऱ्याने प्रसाद म्हणून प्यायचा. टाकला तर देव कोपतो. मी चित्रावर चादर टाकली, बाबांनी ती काढली. "देव घरात आलाय नि उपाशी बसलाय," असं पुटपुटत ते येरझाऱ्या घालू लागले. मला भयंकर राग येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

चित्र न्यायला टेम्पो यायचा त्या दुपारी ते चपटी घेऊन आले. पेला भरला, चित्रापुढे थेंब शिंपडले, हात जोडले.

"बाबा, तो नुसता रंग आहे," मी म्हणाले.

त्यांनी पेला उचलला. मी मनगट धरलं, त्यांनी झटकलं.

"मानाचा हाय. टाकायचा नाय."

"टाकू नका," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. "नवरा-बायकोचा मान येकच. आना हिकडं."

दारूच्या नुसत्या वासाने जिला मळमळायचं, त्या माझ्या आईने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, नाक दाबलं आणि एका दमात रिकामा केला. खोकत खोकत ती खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

"आता बाटली पन द्या," ती म्हणाली.

बाबांनी दिली.