आर्वीचा नमस्कार

करणी, अंगात येणं, उतारा — या सगळ्याविरुद्ध मी गेवराई तालुक्यात पत्रकं वाटतो. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

आर्वी माझी भाची. सात महिन्यांची असताना झोपेतून उठली की तिची मान झटक्यात खाली जायची, दोन्ही हात पुढे यायचे. क्षणात सरळ. परत तेच, एकामागून एक. उमापूरच्या पुढं वस्तीवर एक बुवा बसतो. तो ताईच्या सासूला म्हणाला, "लेकरू देवीला नमस्कार घालतंय. पाठीवरचे पांढरे डाग बघा, लिंबाच्या पाल्याचे ठसे हायेत ते." झालं. रोज पोरीला त्याच्या गादीसमोर झोपवायचं, उठवायचं, ती वाकली की लोक तिच्या पाया पडायचे. मला कळलं तोवर पोरगी हसायची विसरली होती.

तडक संभाजीनगरला नेलं. एमआरआयमध्ये मेंदूत जन्मापासूनच्या गाठी. ट्यूबरस स्क्लेरोसिस. डाग आणि गाठी एकाच आजाराचे, आणि गाठींमुळे मेंदूत जे झटके उठतात, तोच हा 'नमस्कार'. "लवकर आणायला पाहिजे होतं," डॉक्टर एवढंच म्हणाले. औषधानं झटके थांबले. हसू आलं नाही.

मला त्या बुवाला लोकांसमोर उघडा पाडायचा होता. भर दुपारी, भरल्या गादीसमोर मी सगळं सांगितलं. ताई आर्वीला कडेवर घेऊन शेजारी उभी.

बुवा पान चघळत म्हणाला, "तुझ्या मेंदूत न्हाईत का बे गाठी, पत्रकवाल्या?"

लोक हसले. मी म्हणालो, "तुझीबी मान अशीच वाकंल." रागात, भाषणात बोलतात तसं.

आणि बुवाची मान खाली गेली. दोन्ही हात पुढे. सरळ. परत खाली... आर्वीसमोर, हुबेहूब तसंच. लोक मागं सरले. फक्त आर्वी — कडेवरून त्याच्याकडे बघत — हसली.

डॉक्टर सांगतात, ही तऱ्हा तान्ह्या लेकरांची, पन्नाशीत अशी सुरू होत नाही. नाटक म्हणावं, तर स्वतःची गादी बुडवून कोण नाटक करतं? गाव म्हणतं, पोरीचा शाप. मी दारोदार सांगत फिरतो, शाप नसतो.

परवा बुवाची बायको ताईकडे आली. "ताई, यांचं वाकणं थांबंना. लेकराचा हात एकदा यांच्या डोक्याला लावू द्या."

ताईनं आर्वीला पदराआड घेतलं. "दवाखान्यात न्या. आमाला उशीर झालता, तुमी करू नका."

मी असतो तर एवढंही सांगितलं नसतं. काय घडलं ते मला आजही कळत नाही. पण ती वाकलेली मान आठवली की बरं वाटतं... आणि याचं पत्रक मला काढता येत नाही.