टेंडरचा हार

दसऱ्याच्या सकाळी स्टेशनबाहेर मांडून ठेवलेल्या, इंग्रजांच्या काळातल्या वाफेच्या इंजिनाला रेल्वेची माणसं झेंडूचे हार घालत होती. कधीकाळी इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे एक निवृत्त फायरमन मात्र आपला हार घेऊन इंजिनामागं जोडलेल्या डब्याकडे, टेंडरकडे निघाले.

"काका, इंजिन इकडं आहे!" कुणीतरी हसलं.

"ठाऊक आहे. पण कोळसा न् पाणी हाच वाहायचा. हा रिकामा झाला की इंजिन जागच्या जागी," म्हणत त्यांनी हार टेंडरलाच बांधला.

शिट्टी इंजिनाची, फोटोही त्याचाच. आमचा दादा डॉक्टर झाला तो ताईच्या शिलाई मशीनच्या जोरावर. उद्या त्याचा सत्कार आहे, आणि ताईनं म्हणे स्वयंपाकघर सांभाळायचं!

परतताना मी फुलवाल्यापाशी थांबले. म्हटलं, "उद्यासाठी दोन हार बांधा. अगदी एकाच मापाचे."