उभ्या अँब्युलन्समधलं समुपदेशन

रंजनाची दातखीळ बसली होती. आईनं चमचा घालून ती उघडायचा प्रयत्न केलेला, त्यात ओठ फुटला होता. बाजाराचा दिवस. जीपमधून तिला उतरवेपर्यंत रुग्णालयाच्या पायऱ्यांशी गर्दी जमली. डॉक्टरांनी तपासलं, बीपी घेतलं. थोड्या वेळानं ती आपली आपणच उठून बसली.

"फिट नाही," डॉक्टर मला म्हणाले. "याआधीही आली होती. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मॅडम, ही तुमची केस."

मी तरुण मुलामुलींची समुपदेशक. औषध देत नाही. ऐकते, माहिती देते, पुढची वाट शोधायला मदत करते. रुग्णालय जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातलं, एवढंच सांगते. नावं बदलली आहेत आणि हे लिहायला रंजनाचीच परवानगी आहे.

अशा झटक्यांत मेंदूत बिघाड नसतो. जे बोलता येत नाही, ते कधी कधी शरीर असं दाखवतं. हे नाटक नव्हे. माणूस खरंच पडतो.

माझी केबिन म्हणजे इंजेक्शनच्या खोलीचा अर्धा भाग. मधे हिरवा पडदा. पडद्याखालून पलीकडच्यांच्या चपला दिसायच्या. मी रंजनाला विचारत होते आणि उत्तरं आई देत होती.

"जेवतेस का?"

"नाय जेवत. भाकर पुढं ठेवली तं नुसती बघत बसते."

"झटके कधीपासून येतात?"

"सोयरीक बोलाया मानसा आली, तवापासून. परत आली, परत पडली. डॉक्टर म्हनला, लगीन लावून टाका, बरी होल."

मी आईला गोळ्यांच्या खिडकीवर पाठवलं. रंजना एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. आश्रमशाळेत शिकल्यामुळे मराठी स्वच्छ बोलायची. ती त्या चपलांकडे बघत होती.

"ताई, इथं नको," ती हळूच म्हणाली.

मग कुठं? अख्ख्या रुग्णालयात दार लावून बसता येईल अशी जागा नव्हती. बाहेर झाडाखाली अँब्युलन्स उभी होती. तिला दारं होती. ड्रायव्हर दामूकाकांना विचारलं.

"बसा की. कॉल आला तर मात्र उठवीन. आणि माणसं चौकशी करणार, सांगून ठेवतो."

आम्ही मागं स्ट्रेचरच्या शेजारच्या बाकावर बसलो. जरा वेळानं एका म्हाताऱ्यानं काच वाजवली. "कोन गेला?"

"कोणी गेलं नाही, बाबा," दामूकाकांचा आवाज. "दोघी बोलत बसल्यात."

"गाडीत बसून?"

"गाडीत बसून."

रंजना फस्सकन हसली. फुटलेला ओठ दुखला म्हणून तो धरून हसली. मग बोलायला लागली.

सविता तिच्याबरोबर आश्रमशाळेत होती. आता वाड्याला, तालुक्याच्या गावी, एका कंपनीत पॅकिंगला जाते.

"ती माझी मैत्रीण नाही, ताई. म्हणजे मैत्रीण आहेच. पण…"

मी थांबले. अशा वेळी वाक्य आपण पुरं करायचं नसतं.

"मला तिच्याबरोबरच राहायचंय. ठरवलेला पोरगा वाईट नाही. पण माझं कुठल्याच पोराबरोबर होणार नाही. याच्यावर गोळी असते का?"

"आजारच नाही, तर गोळी कसली? मुलीला मुलगी आवडते, असंही असतं. तो गुन्हाही नाही. कुणी डॉक्टर 'बरी करून देतो' म्हणाला, तर त्यालाच तशी मनाई आहे, हे लक्षात ठेव. आणि तू सज्ञान आहेस. तुझी मर्जी नसेल तर लग्न लावता येत नाही."

"अशी मी एकटीच?"

"नाही."

"आपल्या इकडं, पाड्यांवरसुद्धा?"

"पाड्यांवरसुद्धा."

मग मी जीव द्यावासा वाटतो का, ते विचारलं. हा प्रश्न थेटच विचारायचा असतो. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. ती म्हणाली, एकदा विहिरीपर्यंत गेले होते. तसं पुन्हा वाटलं तर काय करायचं, ते आम्ही तिथंच ठरवलं. आधी सविताला फोन, मग मला, आणि मी उचलला नाही तर हेल्पलाइनला. तिन्ही नंबर तिनं पाठ म्हणून दाखवले. आईला मात्र एवढ्यात सांगायचं नाही, असं तिनं बजावलं.

गाडीतून उतरलो तर आई समोर उभी. "काय सांगला तिनं?"

"ते तिला वाटेल तेव्हा ती सांगेल."

"मी आयस हाय तिची!"

"म्हणूनच ती सांगेल, मावशी. मी नाही सांगायचं. माझ्या कामाचा नियमच आहे तो."

आई चिडली. माझ्याकडं न बघता लेकीला घेऊन गेली. आता या परत येणार नाहीत, असं मला वाटलं.

मी डॉक्टरांकडं गेले. "सर, मला दार असलेली खोली हवी."

"पडदा आहे ना?"

"पडद्यानं दिसत नाही. ऐकू सगळं येतं."

"बरं, बघू. त्या मुलीचं काय?"

"तिनं काय सांगितलं ते नाही सांगता येणार. पण आईनं सगळ्यांसमोर सांगितलंय, लग्नाचा विषय निघाला की पोरगी पडते. तुम्ही औषध म्हणून तेच सांगितलंत."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. माणूस चांगला, फक्त पेशंटच्या रांगेनं गांजलेला. "पुढच्या वेळी आईला माझ्याकडं पाठवा," म्हणाले. आणि स्टोअरची खोली रिकामी करायला सांगितलं. तिथं बंद पडलेले फ्रीज होते. ते हलले.

पण रंजना पुन्हा आली. आईच घेऊन आली. डॉक्टरांनी आईला सांगितलं, "मावशी, मागं मी चुकीचं बोललो. लग्नानं ही बरी होणार नाही. घाई करू नका." सोयरीक थांबली. झटके कमी झाले. रंजना काही वेळा एकटीच येऊन गेली आणि मग एक दिवस म्हणाली, "आज आयेला सांगते. तुम्ही फक्त बसा."

मी बसले. तिनं आईचा हात धरून सगळं सांगितलं. आईनं विचारलं,

"सविता म्हंजे… नागली कापाया आलती ती?"

"तीच."

"कामाची हाय पोर," आई म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले. "पन म्हातारपनी तुला कोन बघल?"

याचं उत्तर रंजनानंच दिलं. बापाला ती बास म्हणते. "बास वीटभट्टीवर असतो. तुला ताप आला तवा कोनी बघला, आये?"

"तू."

"मंग?"

आईनं पदर खोचला. "बासला मी सांगन. पन सगळा नाय सांगनार. लगीन नको म्हनते, येवढाच."

रंजनाला तेवढं पुरेसं होतं. मलाही. एका दिवसात घर बदलत नाही, आणि कुणाला किती सांगायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

रंजना आता वाड्याला असते, त्याच कंपनीत. दोघींनी मिळून एक खोली घेतली आहे. भातलावणीला दोघी पाड्यावर येतात. झटके थांबलेत. बाप अजून अधूनमधून लग्नाचं काढतो आणि आई त्याला दुसऱ्या कामाला लावते.

मध्यंतरी बाजाराच्या दिवशी आई पुन्हा आली. बरोबर शेजारच्या पाड्यावरची एक बाई आणि तिची गप्प-गप्प लेक. आईनं त्या मुलीला माझ्यासमोर बसवलं.

"हिला सांग काय ता. ही कोनाला सांगत नाय. मला पन नव्हता सांगला."

आमच्या सेवेची पोस्टरं तालुक्यात ठिकठिकाणी लावलेली आहेत. चांगली रंगीत आहेत. ती वाचून माझ्याकडं आजवर फारसं कुणी आलेलं नाही.