हलणारी नळी

वीस वर्षं फौजेत काढली, पण पिस्तूल कधी माझ्या हाती आलं नाही. आमच्या वाट्याला रायफल. ती डोळे मिटून खोलायची आणि जोडायची, एवढ्या भांडवलावर आपल्याला सगळ्याच बंदुका कळतात असा माझा समज होता. रिटायर होऊन माले या आमच्या गावी परत आलो, परवाना काढला, पिस्तूल घेतलं आणि हिंजवडीत एका बिल्डरचा अंगरक्षक म्हणून चिकटलो. नोकरी नवी, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांची हत्यारं तपासणार आणि ज्याचं हत्यार नादुरुस्त त्याला घरी बसवणार, असं आधीच बजावलेलं होतं.

खंडेनवमीला पूजेत मांडायचं म्हणून मी पिस्तूल साफ करायला घेतलं. मॅगझीन काढलं, आत गोळी नाही हे दोनदा बघितलं, सगळं खोललं. दुकानातून आणल्यापासून आत साचलेलं वंगण काळं आणि घट्ट झालं होतं. जुन्या टूथब्रशने ते खरवडून काढलं, तेलाचा हात फिरवला, परत जोडलं. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवली आणि पुढे आलेल्या नळीला सहज बोट लावलं. नळी हलली. वरखाली, डावीउजवीकडे, पडायला आलेल्या दातासारखी.

वडील शेजारीच पान्हे पुसत बसले होते. पंचक्रोशीतली डिझेल इंजिनं त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केली. हलणारी वस्तू दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. घरातलं एकही टेबल त्यांनी डुगडुगू दिलेलं नाही. त्यांनी नळीला बोट लावलं आणि डॉक्टरच्या गांभीर्याने सांगितलं, "बुश गेलंय, भोवतीचं कडं झिजलंय. पॅकिंग टाकावं लागंल."

इथे मी नको म्हणायला हवं होतं. पण लहानपणापासून दुरुस्तीच्या बाबतीत त्यांना नाही म्हणायची सवयच नाही, आणि नोकरीची भीती होती ती वेगळीच. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी पट्टी केली, नळीच्या तोंडाशी गुंडाळली आणि लाकडी ठोकणीने हलक्या हाताने स्लाइडच्या फटीत बसवली. मी स्लाइड पुढे सोडून बंद केली. आता नळी हलवून बघितली, तर ढिम्म. वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की सरकारने त्यांना तोफखान्यावर का नेमलं नाही, याचं मलाही नवल वाटलं.

मग पान्हे, हातोडी, कोयता आणि मधोमध पिस्तूल अशी पूजा मांडली. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे दिवसभर आम्ही दोघं लांबूनच त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिलो.

दसऱ्याला सकाळी उचललं, स्लाइड ओढली आणि ती अर्ध्यात जी अडकली ती पुढेही जाईना, मागेही येईना. दोन तास आम्ही घाम गाळला. शेवटी पत्रा तुकड्यातुकड्याने निघाला. स्लाइड सरकू लागली आणि नळीही पुन्हा हलू लागली. वडील जेवले नाहीत. बायको म्हणाली, आता तुम्ही दोघं मिळून माझ्या मिक्सरला हात लावू नका. मला हसू आलं नाही. मी खरोखर घाबरलो होतो.

तपासणीला आमच्या सुरक्षा अधिकारी मॅडम बसल्या होत्या. फौजेतूनच आलेल्या, माझ्याहून वयाने लहान आणि बोलायला तोलूनमापून. त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, स्लाइड मागे अडकवली आणि नळीला बोट लावलं. त्या काही बोलायच्या आतच मी कबुली दिली की मॅडम, बुश गेलंय.

त्यांनी स्लाइड पुढे सोडली आणि पिस्तूल माझ्यासमोर धरलं. "आता हलवा."

नळी हलली नाही. मी पुन्हा हलवून बघितली. पत्रा तर आत नव्हता.

मग त्यांनी समजावलं. स्लाइड पुढे असताना नळी तिच्यात जखडलेली असते. गोळी सुटली की स्लाइड मागे येते, तेव्हा नळीची मागची बाजू खाली उतरून सुटी होते. सुटी झाली की ती हलणारच. आधीही हलत होती, फक्त घट्ट वंगणात रुतल्यामुळे जाणवत नव्हती. म्हणजे आम्ही रोग बघितला स्लाइड उघडून आणि गुण बघितला स्लाइड बंद करून.

एवढ्यात आतून पत्र्याचा एक लाल कपटा त्यांच्या कागदावर पडला. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी. त्यांनी कपट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं: हत्यार ठीक, माणसाला पुन्हा प्रशिक्षण. ते प्रशिक्षण होईपर्यंत मला गेटवर बिनहत्यारी उभं राहायचं होतं.

संध्याकाळी एसटीतून उतरलो तर वडील फाट्यावरच बसलेले. दुपारपासून बसले होते असं चहावाल्याने सांगितलं. मी जवळ जाईपर्यंत ते उठले नाहीत.

"गेली का रं नोकरी माझ्यामुळं?"

मी म्हणालो, राहिली. नळी हलायलाच हवी, हेही सांगितलं. मग ते माझ्या खांद्याला धरून उठले.

"फुडच्या वर्षी ते पुसायला काढशील तवा मला आधी शेतावर धाड," ते म्हणाले. "हितं असलो तर माझा हात गप बसायचा न्हाई."